भगंदराच्या शस्त्रक्रियेनंतर घरी

भगंदराची जखम डॉक्टर बहुधा शिवत नाहीत, उघडीच ठेवतात. ती तळापासून भरून आली पाहिजे; वरची कातडी आधी मिटली तर आत पू साठून दुखणे उलटते. म्हणून काही आठवडे आपण धीर धरावा. दिवसातून ३ वेळा व प्रत्येक शौचानंतर स्वच्छ, पसरट घमेल्यात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटे बसावे. मग जागा हलके टिपावी. जखमेत हळद, राख भरू नये. दोरा घातला असल्यास ओढू नये. भाकरी, पालेभाजी खावी, भरपूर पाणी प्यावे, कुंथू नये. डॉक्टर सांगेपर्यंत पोती उचलू नयेत. थोडा स्राव येतोच; पण ताप, वाढती वेदना, लघवी अडणे किंवा फार रक्त दिसल्यास आपण लाजू नये, तडक दवाखाना गाठावा.