तळ्यातील न दिसणारी वस्ती

तळ्यात काय राहते असे विचारले, तर आपण मासे, बेडूक, फार तर कमळे सांगू. पण तेच पाणी तलम कापडातून गाळून भिंगाखाली धरले, म्हणजे निराळीच वस्ती दिसू लागते. तोंडाशी केसांची चक्रे फिरवणारे रोटिफर, उड्या मारीत पोहणाऱ्या पाणपिसवा आणि एकाक्ष सायक्लॉप्स. (हा शेवटचा आपल्या वाडवडिलांना नको तितका भोवला. पायविहिरीच्या पाण्यातून नारू पोटात जाई, तो याच्याच अंगातून. आपला देश नारूमुक्त ठरला तो 2000 साली.) या साऱ्यांना मिळून प्राणिप्लवक म्हणतात.

एका तळ्यात यांच्या पुष्कळ जाती, तर दुसऱ्यात मोजक्याच, असे का? लोणारचे पाणी खारट आणि सोड्याचे. ते सोसेल तोच तेथे टिकतो. सड्यावरची डबकी पावसाळ्यानंतर आटतात. तेथे सुकी अंडी मातीत ठेवून पुढच्या पावसाची वाट पाहणाऱ्यांचे राज्य. इथवर सोपे आहे. पण पाण्याचा गुण कळला की सारे कळले, असे मात्र नाही.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात क्रिस्टल लेक नावाचे सरोवर आहे. तेथील प्लवकांची पाहणी 1942 साली झाली होती. पुढे हेरिंगच्या कुळातील एक मासा त्यात फोफावला. ब्रुक्स आणि डॉडसन यांनी 1964 सालच्या प्लवकांशी जुनी पाहणी ताडून पाहिली, तो मोठ्या पाणपिसवा नाहीशा झालेल्या आणि त्यांच्या जागी बारीक जातींची गर्दी! सर्वांत अधिक आढळणारी लांबी 0.785 मिलिमीटर होती, ती 0.285 वर आली. मासा डोळ्यांनी टिपून खातो. मोठा तो आधी दिसतो, आधी जातो.

यात आपले काय गेले? मोठी पाणपिसू पाण्यातले हिरवे सूक्ष्म शेवाळ भराभर गाळून खाते. ती गेली की पाणी हिरवे होण्यास मोकळे रान. आपल्या उष्ण पाण्यात अशा मोठ्या जाती मुळातच थोड्या. म्हणून डासांसाठी गप्पी मासे टाक्यांत जरूर सोडावेत. दर तळ्यात मासे ओतणे म्हणजे पाणी सुधारणे, हे मात्र आम्हांस पटत नाही. शेवाळाला खत पुरवणारे सांडपाणी अडवणे हे त्याआधीचे काम. आणि काठच्या पाणगवतातच रोटिफरांच्या नि लहान पाणपिसवांच्या कितीतरी जाती राहतात. शोभेसाठी काठ सिमेंटने बांधून काढला की त्यांचे ते घर जाते.