दोन महिन्यांचं काम, बारा महिन्यांचा पेंढा

लातूरच्या हाडोळतीत शेतकऱ्याने स्वतःलाच औताला जुंपल्याचा व्हिडिओ पाहून सगळे हळहळले, मदतही धावली. बैल परवडत का नाही, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. त्याचं उत्तर रायगडच्या कर्जत-खालापुरात जास्त उघडं दिसतं.

इथे बहुतेकांचं पीक एकच, पावसाळी भात. मृगात नांगरट, मग चिखलणी. लावणी उरकली की जोडी रिकामी. पूर्वी उरलेलं वर्ष बैलगाडी भागवायची. गवत, लाकूड, पेंढा, काहीही वाहा. ती कमाई टेम्पोने नेली. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याकाठी उन्हाळी भात होतं. तिथे बैलाला दुसरा हंगाम मिळायचा, पण त्या सपाट खाचरांत पॉवर टिलर शिरला.

टिलरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जोडी दिवसाला जेमतेम अर्धा एकर उरकते. पण डोंगराकडच्या ठाकूरवाड्यांत खाचर दोन-चार गुंठ्यांचं, वाट बांधावरून. यंत्र चौघांनी उचलून खालच्या खाचरात उतरवायचं. तेवढ्यात बांध ढासळला की पाणी शेजाऱ्याकडे. बैल स्वतःच्या पायांनी उतरतो, कोपऱ्यात जागच्या जागी वळतो. नांगर फिरला की फळीवर माणूस उभा राहतो आणि गुडघाभर चिखल सपाट होत जातो. शिवाय वाळलेलं शेण आणि पालापाचोळा अंथरून उन्हाळ्यात रोपांसाठी राब भाजायचा, तोही गोठ्याच्याच जिवावर.

२०१५च्या कायद्याने बैलाची कत्तल बंद झाली, रेड्याची नाही. हेतू चांगला असेल. पण थकलेला बैल विकून, वर भर घालून नवा खोंड आणायची सोय गेली. म्हातारा दावणीला, नव्याला पैसे नाहीत. दुसरीकडे मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला. शर्यतीचा बैल लाखांत बोलला जातो. तो पैसा घाटावरच्या खिलारात जातो. कोकण कपिला या इथल्या बुटक्या, काटक, धो धो पावसात टिकणाऱ्या जातीला राष्ट्रीय नोंद मिळाली, गिऱ्हाईक नाही.

टिलरसाठी लहान शेतकऱ्याला किमतीच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळतं. वाडीत एखादाच जोडी राखतो आणि सावडीने चार घरांची खाचरं नांगरून देतो. त्याच्या पेंढ्यासाठी टिलरच्या अनुदानातले थोडे पैसे वळवले, तर कृषी खात्याचं काय बिघडेल?