लव्हाळा हे गवत नव्हे

पाऊस लागला की बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या भूखंडांवर पाणी साचतं आणि त्याच्या काठाने गर्द हिरवी पाती दाटतात. कुणालाही विचारा, ‘गवत आहे’ म्हणेल. एक काडी उपटून दोन बोटांत फिरवा, तीन धारा हाताला लागतील. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ, पेरं असलेली. लव्हाळ्याची तिधारी, भरीव, बिनपेरांची. गवताची पानं दोन ओळींत येतात, याची तीन. कूळच वेगळं आहे, सायपरेसी. त्यात पाच हजारांवर जाती आहेत. इजिप्तचा पपायरस त्यांतलाच.

ही ओळख चुकली की शेतकऱ्याचा पैसा जातो. सोयाबीनमधल्या गवतावर फवारतात ते क्विझालोफॉपसारखं तणनाशक लव्हाळ्याला काहीच करत नाही. मग औषध खोटं निघालं, असं वाटतं.

डवरणीने, निंदणाने तो जातो, हाही भ्रमच. वरची पाती तुटतात. जमिनीखाली कंदांची साखळी शाबूत असते. फाळाने ती तुटली, की सुट्या कंदातून नवं रोप येतं. बियांवर त्याची फारशी भिस्त नाहीच. त्याला मारक दोन गोष्टी: दाट पिकाची सावली आणि वैशाखातलं ऊन. कोरड्या जमिनीत उन्हाळी नांगरट केली, तर वर आलेले कंद वाळून मरतात. ओल असताना केली, तर आपणच त्याची लागवड करतो.

लव्हाळा दिसला म्हणजे जागा पाणथळ, असंही धरून चालू नये. शेतातल्या लव्हाळ्याला, म्हणजे नागरमोथ्याला, ओल हवी असते. पण फार दिवस तुंबलेलं पाणी त्याला सोसत नाही. म्हणून तो धुऱ्यावर, संत्र्याच्या आळ्यातही सुखाने वाढतो. पाण्यात पाय रोवून राहतात ती त्याची भावंडं. पूर्व विदर्भातल्या तलावांच्या उथळ काठांवर ती भेटतात. गोंदियाकडचे सारस अशाच रोपांचे कंद उकरून खातात. तपकिरी कणसं मिरवणारं पाणकणीस मात्र या कुळातलं नाही.

आणि लव्हाळा निरुपयोगी? दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा म्हणजे याचाच सुगंधी कंद. आयुर्वेदातली मुस्ता हीच. फक्त कारखान्यांजवळच्या नाल्यातला कंद कुणी औषधाला आणू नये. अशी रोपं सांडपाण्यातले जड धातू मुळांत ओढून साठवतात.