ओव्याची पुरचुंडी

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. माझं माहेर तिथलंच. हळदीच्या पुडीत चुन्यासारखा क्षार मिसळला की पिवळा रंग लाल होतो, हे आम्हां मुलींना शाळेतल्या रसायनशास्त्राआधीच ठाऊक असे. पण महिन्यातले चार दिवस त्याच कुंकवाच्या करंड्याला हात लावायचा नसे. त्या दिवसांत पोट दुखलं तर आजी काही विचारत नसे. ओवा-गूळ हातावर ठेवी, सुंठीचा काढा देई, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकायला देई. यात तथ्य किती, हे मी पुढे शोधू लागले.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि कळा येतात. अ‍ॅस्पिरिन हीच द्रव्यं तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. आल्यातले काही घटक प्रयोगशाळेत असाच परिणाम दाखवतात. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा, घेतल्यावर वेदना कमी झाल्याचं अनेक लहान चाचण्यांत दिसलं. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात आलं आणि मेथी यांच्या बाजूने थोडा पुरावा नोंदवला आहे; मात्र तो कच्चा आहे, असंही म्हटलं आहे. ओव्याच्या वाट्याला तेवढाही भक्कम पुरावा नाही. आजीची वीट मात्र सरस ठरली. ओटीपोटाला सतत दिलेली सौम्य ऊब आयब्युप्रोफेनच्या गोळीइतकीच उपयोगी पडते, असं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळलं.

मग अडलं कुठे? माझी मावसबहीण नऊ वर्षं ओवा चावत राहिली. कळा दर वर्षी वाढत होत्या, पाळी संपल्यावरही थांबत नव्हत्या. "बाईच्या जातीला सोसावंच लागतं," एवढंच सगळ्या म्हणत. मूल होईना म्हणून तपासणी झाली, तेव्हा एंडोमेट्रिओसिस निघालं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर वाढते. ती काढ्याने विरत नाही.

आता भाची पोट धरून बसली की मीही सुंठ उकळते, गरम पाण्याची पिशवी देते. पण आजीने कधी न विचारलेलं विचारते: दुखणं कितव्या दिवशी सुरू झालं? गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे का? शाळा बुडते का? मधल्या दिवसांतही दुखतं का? लघवी-शौचाला त्रास होतो का? एकाचं जरी उत्तर काळजीचं आलं, तरी ओव्याचा डबा बंद करून तिला डॉक्टरांकडे नेते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर सुंठही त्यांना विचारूनच घ्यावी.

आणि हो, कुंकवाचा करंडा आमच्या घरात आता बाराही महिने उघडा असतो.