मुलांची मैदानी खेळणी: घर छोटं असलं तरी जागा हवीच!

पावसाळा सुरू झाला की सायकल जिन्यात उभी राहते, बॅट दाराआड जाते, बॉल पलंगाखाली. बादल्या-फावडी, पाण्याची पिचकारी, स्केट्स वगैरे गॅलरीच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडतात. दोन खोल्यांच्या घरात दुसरं करणार तरी काय, असं वाटतं. पण हा प्रश्न फक्त पसाऱ्याचा नाही. बाहेरची खेळणी चुकीच्या जागी पडून राहिली तर त्यातून आजार आणि अपघात दोन्ही होऊ शकतात. थोडी शिस्त लावली तर कमी जागेतही ती नीट राहतात.

डासांचं घर होऊ देऊ नका

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारात नाही, तर साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याला मोठी टाकी लागत नाही. उलट्या पडलेल्या खेळण्यातल्या ट्रकमध्ये, प्लास्टिकच्या बादलीत किंवा जुन्या टायरमध्ये साचलेलं थोडं पाणीही पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळायला सांगितलं जातं.

यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी आटल्यावरही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी पडलं की त्यातून अळ्या निघतात. त्यामुळे पाणी नुसतं ओतून चालत नाही, आतून घासणीने घासून मग भांडं वाळवायचं. जुम्याचा दिवस ठरवला तर कुणाच्या लक्षातून जात नाही. बादल्या, टब पालथे ठेवा. पिचकारी रिकामी करून तिचं झाकण उघडंच राहू द्या. टायरचा झोपाळा असेल तर त्याला खालून दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे पाणी थांबणार नाही.

जिना आणि गॅलरी: दोन धोक्याच्या जागा

बिल्डिंगमध्ये आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, बाहेर पडायला जिनाच असतो. धुरात, अंधारात आजी-आजोबांना घेऊन उतरताना वाटेत तीन सायकली आडव्या असतील तर काय होईल, याचा विचार करा. सायकल जिन्यात किंवा पॅसेजमध्ये नकोच. सोसायटीत सगळ्यांनी मिळून तळमजल्यावर जागा ठरवावी. ते जमत नसेल तर घरातच पक्क्या भिंतीत मजबूत हुक ठोकून सायकल चाकावर टांगता येते. हुक मात्र खिळ्याचा नको, ड्रिल करून बोल्टने बसवलेला हवा.

गॅलरीत कठड्याला लागून खेळण्यांची पेटी, छोटी सायकल किंवा स्टूल ठेवू नका. दोन-तीन वर्षांचं मूल त्यावर सहज चढतं आणि कठड्याची उंची तेवढ्यानेच कमी होते. पेटी घराच्या भिंतीकडे सरकवा.

दोरीच्या उड्यांची दोरी, पतंगाचा मांजा अशा वस्तू लहान बाळाच्या हाताला लागू देऊ नका, दोरी गळ्याभोवती अडकू शकते. नायलॉन मांजा तर घरात ठेवूच नका. त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे.

कुठे काय ठेवायचं?

सोपा नियम असा: बाहेरची खेळणी चपलांच्या शेजारी, दाराजवळच थांबली पाहिजेत. ज्या फरशीवर आपण दस्तरखान अंथरतो, नमाज पढतो, तिथे रस्त्यावरची माती कशाला आणायची? दाराशी एक जुना टॉवेल ठेवा. मुलं आत येतानाच बॉल आणि चाकं पुसतील.

• बॉल, शटलकॉक: कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून हुकाला टांगा. हवा खेळती राहते, कुबट वास येत नाही.
• बॅट, रॅकेट: दाराच्या मागे दोन हुकांवर आडव्या. लाकडी बॅट ओली ठेवू नका आणि कडक उन्हातही वाळवू नका, तडे जातात.
• स्केट्स: चाकं कोरडी पुसूनच ठेवा, नाहीतर बेअरिंग गंजतात.
• बादल्या, फावडी: भोकं असलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत, म्हणजे पाणी निथळून जातं.
• सेलवर चालणारी खेळणी: बरेच दिवस वापरायची नसतील तर सेल काढून ठेवा. बटणासारखे छोटे सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्यास अन्ननलिका भाजते, अशा वेळी लगेच दवाखाना गाठायचा.

गावाकडे, विशेषतः कोकणात, अंगणात ढीग करून ठेवू नका. पावसात अशा ढिगाखाली साप-विंचू आसरा घेतात. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. खेळणी जमिनीपासून उंच फळीवर ठेवा आणि हेल्मेट, ग्लोव्हज, बूट झटकल्याशिवाय मुलांना घालू देऊ नका.

कमी ठेवा, फिरवत ठेवा

ईदीच्या पैशातून दरवर्षी नवीन खेळणं येतं, जुनं मात्र घरातून जात नाही. तीन-चार खेळणी बाहेर ठेवा, बाकीची पोटमाळ्यावर किंवा दिवाणात. महिन्याने अदलाबदल केली की जुनंच खेळणं मुलांना नवं वाटतं. उन्हाने कडक होऊन तडकलेलं प्लास्टिक हाताला कापतं, ते सरळ भंगारात द्या. चांगलं असेल ते धुऊन, वाळवून गरजू मुलांना द्या. तुटकं मात्र कुणाला देऊ नये. नवीन घेताना आयएसआय मार्क बघा. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर तो सक्तीचा आहे.

शेवटी, हे काम एकट्या अम्मीचं नाही. हुक आणि टोपली मुलाच्या खांद्याच्या उंचीवर असेल तर पाच वर्षांचं मूलही आपली बॅट जागेवर ठेवतं. लहानग्यांसाठी टोपलीवर बॉलचं किंवा बादलीचं चित्र चिकटवा. मगरिबला घरी आल्यावर आधी खेळणी जागेवर, मग हात-पाय धुणं, हा क्रम लावून द्या. काही दिवस मागे लागावं लागेल, पुढे सवयच होऊन जाईल.