महागाई पाव टक्का, मग पिशवी हलकी का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्के होती. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेतला हा नीचांक. भाजीपाला तर वर्षभरात २७ टक्क्यांहून जास्त उतरला होता. तरीही रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबरात शहरी कुटुंबांना सध्याची महागाई किती वाटते, असं विचारलं तेव्हा मध्यक उत्तर आलं ६.६ टक्के. आणि वर्षभरानंतर ती किती असेल? ८ टक्के.

‘लोकांना अर्थशास्त्र कळत नाही’ असं म्हणून यातून सुटता येतं. मला ते पटत नाही.

आधी साधा हिशेब करू. २०२२-२३ मध्ये सरासरी महागाई ६.७ टक्के होती, पुढच्या वर्षी ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६. म्हणजे २०२१-२२ मध्ये १०० रुपयांना येणारं सामान तीन वर्षांत सुमारे ११७ रुपये ६० पैशांवर गेलं. त्यावर पाव टक्का म्हणजे जेमतेम तीस पैसे. नवी वाढ थांबली, पण आधी चढलेले साडेसतरा रुपये उतरले नाहीत. महागाईचा दर वर्षभरापूर्वीच्या ऑक्टोबरशी तुलना करतो. घरखर्च सांभाळणारी बाई मात्र नवऱ्याचा पगार शेवटचा कधी वाढला, तिथून मोजते. दोन्ही हिशेब बरोबरच आहेत.

दुसरा फरक वजनाचा. २०१२ च्या मालिकेतल्या किंमत निर्देशांकात टोमॅटोचं वजन ०.५७ टक्के होतं, कांद्याचं ०.६४ आणि घरभाड्याच्या गटाचं १०.०७. पण भाडं वाढतं अकरा महिन्यांनी, टोमॅटो घ्यावा लागतो दर दोन-तीन दिवसांनी. फ्रान्सेस्को दाकुंतो, उलरिके मालमेंडियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी ग्राहकांच्या किराणा खरेदीवर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. एखाद्या वस्तूवर खर्च किती होतो, यापेक्षा ती किती वेळा विकत घेतली जाते, यावर लोकांचा महागाईचा अंदाज ठरतो. शिवाय तेवढ्याच घसरणीपेक्षा दरवाढ मनावर जास्त ठसते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. तो भाव आजही लोक सांगतात. नंतर तो किती उतरला, ते फारसं कुणी सांगत नाही.

हा समज मनातच राहत नाही, ही खरी काळजीची बाब. ज्याला पुढच्या वर्षी ८ टक्के महागाई दिसते, त्याला साडेसहा टक्क्यांची मुदत ठेव तोट्याचीच वाटणार. तो सोन्याकडे वळतो, दुकानदार नवा माल आधीच चढ्या भावाने लावतो, कामगार संघटना करारात जास्त वाढ मागते. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे. पण घराघरांत व्यवहार ८ टक्के गृहीत धरून होत असतील, तर रेपो दर घटवून कर्ज स्वस्त करता येतं. ठेवीदाराचा विश्वास मात्र त्याने परत येत नाही.