बहुस्तरीय विपणन
बहुस्तरीय विपणन (नेटवर्क मार्केटिंग) ही स्वतःच्या विक्रीबरोबरच आपण जोडलेल्या सदस्यांच्या विक्रीवरही कमिशन देणारी विक्रीपद्धत होय. तीत उशिरा येणाऱ्याला नवे सदस्य मिळणे कठीण होत जाते. एका व्यक्तीपासून सुरुवात होऊन प्रत्येकाने ६ जण जोडल्यास आठव्या पातळीवर १६,७९,६१६ सदस्य लागतात. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती. नवव्या पातळीची संख्या चंद्रपूर व गडचिरोलीच्या एकत्रित लोकसंख्येच्या तिपटीहून अधिक भरते. तेथील वनगावांत तेंदूपान व मोहफुलांचे रोख उत्पन्न मुख्यतः उन्हाळ्यात येत असल्याने दरमहा खरेदीची अट नवागतास जड जाते. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ नुसार पिरॅमिड योजनांना मनाई आहे.